रानवाटेवरचं हिरवं पान

आई, तू गेलीस तेव्हा मी नुकतीच या कामाला लागले होते, आणि ते काम नक्की काय हे तुला मी कधी धड सांगितलंच नाही. "भोरला एका संस्थेत आहे, बायकांच्या बैठका घेते," एवढंच तुला ठाऊक होतं. त्यावर तू म्हणाली होतीस, "बैठका घिऊन कुनाचं भलं झालंय?" तर ते काम असं, की भोर-वेल्ह्याच्या गावांत जायचं, शाळेतल्या पोरींना, त्यांच्या आयांना आणि जमलंच तर बापांनाही एकत्र बसवायचं, आणि पोरीच्या अंगाला कोणी नको तसा हात लावला तर काय करायचं, त्याच्या आधी काय ओळखायचं, कोणाला सांगायचं, हे त्यांच्याशी बोलायचं. बोलायला सोपं आहे, पण या विषयाला गावात जागाच नसते. सरपंच लगेच हो म्हणाला तर मला संशय येतो. तो नाही म्हणाला तर जास्तच येतो. चहात साखर सढळ पडली तरी मी विचार करते, की ही माणसं माझं तोंड इतकं गोड का करतायत? इतक्या वर्षांत हा स्वभाव काही सुटला नाही. सुटणार तरी कसा, मुलगी तुझीच ना.

आपलं हाटेल मला आजही जसंच्या तसं दिसतं. शिवऱ्याला, हायवेच्या कडेला, वर पत्रा, आत भर्र वाजणारा स्टोव्ह आणि बाहेर फळ्या ठोकून केलेली दोन बाकडी. मी पाचवीत आहे. शाळा सुटली की दप्तर गल्ल्यामागे टाकते आणि गिऱ्हाइकांना चहा नेते. ट्रकवाले असतात, एसटी चुकलेली माणसं असतात, बाजाराहून परतणारे असतात. तुझा नियम एकच आहे. ग्लास फळीवर ठेवायचा, कोणाच्या हातात द्यायचा नाही. कोणी हात पुढे केलाच तर तू स्टोव्हपाशी पाठमोरी असूनसुद्धा ओरडतेस, "ठेव तितंच! चटका बसंल!" गिऱ्हाइकाला वाटतं, बाईला त्याच्या बोटांची काळजी आहे. हा नियम सगळ्यांना सारखाच. टाळ वाजवत येणारे बुवा असोत नाहीतर पोलीसपाटील. एकदा माझा सख्खा चुलता आला आणि मी लाडानं ग्लास त्याच्या हातात दिला, तर गिऱ्हाइकं निघून गेल्यावर तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "तो तर आपला काका," मी रडत म्हणाले. "म्हनूनच," तू म्हणालीस आणि भांडी घासायला बसलीस. मला तुझा फार राग आला होता. जगात एवढी चांगली माणसं, आणि माझ्याच आईला ती दिसू नयेत!

कामाला लागल्यावर मला संस्थेनं चित्रांची एक जाडजूड चोपडी दिली होती. एका चित्रात काळा चष्मा घातलेला माणूस, हातात चॉकलेट, मागे अंधारा रस्ता. खाली ओळ, 'अनोळखी माणसापासून सावध राहा.' ती चोपडी घेऊन मी बरीच गावं फिरले. मग गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला हिर्डोशीच्या पुढे, घाटाच्या अंगाला असलेल्या एका गावात गेले. तिथं एसटी दिवसातून एखादी, तीही रस्त्यावर दरड नसेल तर. देवळाच्या सभामंडपात पोरी बसल्या होत्या. मी ते चित्र दाखवलं आणि विचारलं, "असा माणूस तुम्ही कधी बघितलाय? आपल्या ओळखीचा नाही, उगाच गोड बोलतो, खाऊ देतो, आपल्या घरातल्या गोष्टी विचारतो?" पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी पुढे बसलेली एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, "तुमी!"

सगळा मंडप हसला. आयांनी पदर तोंडाला लावले. माझ्या पिशवीत वाटायला आणलेले बिस्किटांचे पुडे होते आणि आल्यापासून मी प्रत्येकीला विचारत होते, घरात कोण कोण असतं, रात्री कुठं झोपता. पोरीचं काय चुकलं? त्या गावात अनोळखी माणूस यायचा म्हणजे मतदानाच्या वेळचे साहेब, नाहीतर मी. बाकी सगळे काका, मामा, आज्जा, दादा. मी ती चोपडी पिशवीत घातली ती आजतागायत बाहेर काढलेली नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, हे समजायला तुला एवढी वर्षं लागली?

त्या बैठकीत सगळ्यांत मोठ्यानं एक गृहस्थ हसले होते. आल्यापासून त्यांनीच सगळं केलं होतं. मंडप झाडून घेतला, सतरंज्या टाकल्या, घराघरांतून बायकांना बोलावून आणलं. शाळेच्या समितीवर होते, भजनात पेटी वाजवायचे. बोलणं असं, की लोणी. "ताई, ह्ये पोरींना सांगाया पायजेच. जमाना वंगाळ हाय. आमी तुमच्या पाठीशी हाय." एवढं बोलून ते मंडपाच्या पायरीवर बसले ते शेवटपर्यंत हलले नाहीत. मी बायकांना हळूच म्हटलं, पुरुष माणसं नसती तर पोरी मोकळ्या बोलल्या असत्या. त्या म्हणाल्या, "त्ये व्हय? त्ये आपलंच हायती की." परतीच्या एसटीत माझ्या मनात पाल चुकचुकत होती. मग मीच स्वतःला दटावलं. माणूस मदत करतो तरी तुला खुपतं, नाही केली तरी खुपतं. या हिशेबानं जगात एकही माणूस उरायचा नाही.

त्यांच्या घरी एक मुलगी शिकायला होती. सातवीतली, अबोल, केसांना तेल चापून लावलेली. तिचं घर डोंगरात वरच्या वस्तीवर, चार-पाच उंबऱ्यांची वस्ती, भात, नाचणी आणि थोडी शेरडं. वर शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून बापानं तिला खाली आपल्या बहिणीकडे ठेवलं होतं. ते गृहस्थ म्हणजे तिच्या आत्याचे यजमान, म्हणजे आपल्याकडच्या रीतीनं तिचे मामा. आपल्याकडे हे घरोघरी चालतं, तुला सांगायला नको. डोंगरातल्या पोरीला शिकायचं तर तिनं पाव्हण्यांच्या घरी राहायचं, त्यांच्या चुलीवर जेवायचं, आणि बदल्यात त्यांचं पाणी भरायचं. मी तिला काही विचारलं की उत्तर मामा द्यायचे. "लई हुशार हाय. लाजती जरा." ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहायची.

इथं मला पाववाला आठवतो. तो पुण्याहून टेम्पोत पाव, खारी, बटर घेऊन आपल्या हाटेलावर यायचा. हसतमुख माणूस. मला 'मॅडम' म्हणायचा. पाचवीतल्या पोरीला कोणी मॅडम म्हटलं तर तिचं काय होतं, हे तुला कळायचं नाही, पण मला आभाळ ठेंगणं व्हायचं. एकदा त्यानं मला केसांचे दोन चिमटे आणून दिले, वर लाल प्लास्टिकची फुलपाखरं. मी ते लावून दिवसभर मिरवले. दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा हाटेल भरलेलं होतं. तू माझ्या डोक्यावरून ते चिमटे ओढून काढलेस, दोन केस त्याबरोबर आले, आणि ते त्याच्या टेम्पोच्या सीटवर नेऊन टाकलेस. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "पाव द्यायाचा, पैसं घ्यायाचं, जायाचं. माज्या पोरीसंगं बोलायाचं न्हाई." त्याचं तोंड पांढरं पडलं. तो पुन्हा आला नाही. त्यानंतर वडलांना रोज सकाळी सायकलवरून नसरापूरला पावासाठी जावं लागायचं आणि ते पायडल मारता मारता तुला शिव्या घालायचे. "भल्या मानसावर आळ घेतला. बाईचं मनच काळं," असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, आणि गिऱ्हाइकं मान डोलवायची. मी तुझ्याशी बरेच दिवस बोलले नाही. शेवटी विचारलं, "त्यानं काय केलं होतं?" तू कांदा चिरत होतीस. वर न बघता म्हणालीस, "काय बी केलं न्हाई. करायच्या आदी घालवला."

या उत्तरावर मी किती वर्षं घालवली असतील! त्या माणसाचं मन खरंच चांगलं असेल तर? त्याच्या घरी माझ्याएवढी मुलगी असेल आणि तिच्यासाठी घेताना दोन चिमटे जास्त घेतले असतील तर? करायच्या आधी घालवलेल्या माणसाविरुद्ध कधीच काही सापडत नाही, आणि बदनामी मात्र घालवणारीच्या नावावर राहते. आज मी बैठकांतून आयांना सांगते, की मन खात असेल तर पुरावा शोधत बसू नका, पोरीला आधी बाजूला घ्या. सांगताना मला तुझा कांदा चिरणारा हात दिसतो, आणि त्याच वेळी त्या पाववाल्याचं पांढरं पडलेलं तोंडही दिसतं. दोन्ही एकदमच दिसतात, त्याला माझा इलाज नाही.

चित्रांची चोपडी बंद केल्यावर मी दुसरी रीत सुरू केली. जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा. देऊळ, शाळा, हापसा, ओढा, घरं, वाटा. मग पोरींनी आणि बायकांनी, जिथं भीती वाटते तिथं कुंकवाची चिमूट टाकायची, आणि जिथं निवांत वाटतं तिथं हिरवं पान ठेवायचं. श्रावणात मी त्या गावात पुन्हा गेले तेव्हा मंडपात मोठा नकाशा काढला. सगळ्यांनी मजेत भाग घेतला. ओढ्यावर कुंकू पडलं, पडक्या गोठ्यावर पडलं, एसटीच्या थांब्यावर पडलं. वरच्या वस्तीला जाणाऱ्या रानवाटेवर तर इतकं पडलं की वाट लालभडक झाली. घरं सगळी हिरवीगार. प्रत्येक पोरीनं आपल्या घरावर पान ठेवलं, ते बघून आया खूश झाल्या.

मग ती मुलगी उठली. हातात आंब्याचं एक पान होतं. तिनं आत्याचं घर ओलांडलं, शाळा ओलांडली, नकाशाच्या कडेला गेली आणि त्या लाल झालेल्या रानवाटेवर पान ठेवून परत जागेवर येऊन बसली. पोरी फिदीफिदी हसल्या. मामा पायरीवरून उठले. "येडी हाय. तिला कळलंच न्हाई," असं म्हणत त्यांनी ते पान उचललं, आपल्या घरावर ठेवलं, आणि वाटेवर आणखी थोडं कुंकू टाकलं. त्यांच्या बोटांना लागलेलं कुंकू त्यांनी धोतराला पुसलं.

पुढे चर्चा रंगली. पोरगी दर शनिवारी शाळा सुटली की एकटी डोंगर चढून घरी जाते, पावसातसुद्धा, आणि सोमवारी सकाळी उतरते, हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुजींची तक्रार होती की सोमवारी उशीर होतो. एक म्हातारी म्हणाली, "येवडी तरनी पोर, रानातनं येकली. काय झालं म्हंजी?" सगळ्यांचं एकमत झालं की रानवाटेनं एकट्या पोरीला यापुढे जाऊ द्यायचं नाही. मामा लगेच पुढे झाले. "माजी भाचीच हाय. शनवारी म्या सोडीत जाईन वर, न्हाईतर ऱ्हाईल हितंच. तिला काय कमी हाय हितं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई, मीसुद्धा वाजवल्या. बैठकीतून गावानं काही ठरवलं की आम्हाला फार धन्य वाटतं. टाळ्या वाजवता वाजवता माझी नजर तिच्यावर गेली. ती मामांच्या घरावर ठेवलेल्या त्या पानाकडे बघत होती.

माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. पुढच्याच आठवड्यात मी काहीएक निरोप न देता, बैठक नसताना तिथं गेले. शाळेच्या मधल्या सुट्टीत ती हापशावर कळशी भरत होती. मी दांडा हाणू लागले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "या शनिवारी घरी गेलीस?"

"न्हाई."

"मामा सोडणार होते ना?"

"म्याच न्हाई म्हनलं. हितंच ऱ्हायले." मग कळशीत बघत, "आत्या गेलती तिच्या लेकीकडं."

दांडा हाणताना माझा हात थांबला, तो तिच्या लक्षात आला असावा. तिनं माझ्याकडे न बघता कळशी सरळ केली. मी विचारलं, "त्या दिवशी तू पान वाटेवर का ठेवलंस गं? वाटेवर भीती नाही वाटत?"

ती म्हणाली, "वाटंला कोन नसतंय."

एवढंच. कळशी कमरेवर घेऊन ती निघून गेली. मी हापशापाशी उभी राहिले. इतकी वर्षं आम्ही पोरींना सांगत आलो, की जिथं कोणी नसतं तिथं जाऊ नका. आणि ही पोर पावसात, चिखलात, जळवांतून डोंगर चढत होती, कारण साऱ्या पंचक्रोशीत कोणी नसलेली तेवढीच जागा तिला सापडली होती. तीही मी काढून घेतली होती, टाळ्या वाजवून.

मी तिथून भोरला आले नाही, सरळ ती वाट धरली. चढण दमवणारी होती, गुडघे बोंबलत होते, एक माणूस भेटला नाही. वस्तीवर पोचले तेव्हा मुलीची आई अंगणात शेरडांना पाला टाकत होती. तिनं मला पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. मी कोण ते सांगितलं.

"तुमाला कुनी धाडलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. आपली आपण आले."

"आपली आपन कोन येतंय येवडं चढून?" तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोरीला न्यायाचा इचार हाय का कुठं? मागं बी येक आली व्हती, पुन्याला कामाला न्यायाची म्हनून."

मला तिचा राग आला नाही. उलट वाटलं, ही तुझ्याच जातकुळीतली दिसते. मी म्हणाले, "न्यायला नाही आले. मला तुमच्या नणंदेच्या घराबद्दल बोलायचंय." हे म्हणताच तिचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा झाला. "नणंदंच्या घराव बोट दावू नगा. मालकांच्या कानाव गेलं तर मला ऱ्हाऊ देनार न्हाईत. आनि पोरगी हितं आनली की शाळा बंद. शाळा बंद म्हंजी पुढं काय, तुमाला ठाव हाय." मला ठाऊक होतं. दोन वर्षं शेरडं आणि मग मुंडावळ्या. म्हणजे मी बोलले आणि माझा संशय खोटा निघाला, तर एक संसार बिघडणार, एका पोरीची शाळा जाणार, आणि एका चांगल्या माणसाचं तोंड पांढरं पडणार. मी बोलले नाही आणि तो खरा निघाला, तर काय, ते मी मनातसुद्धा पुरतं उच्चारू शकले नाही.

"तिनं काय सांगितलंय का तुमाला?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही. एवढंच म्हणाली, वाटंला कोण नसतंय."

ती हातातला पाला घेऊन तशीच उभी राहिली. शेरडू तिच्या हाताला तोंडानं ओढत होतं, तरी तिला भान नव्हतं. मग ती अंगणात मातीतच खाली बसली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "म्या त्या घरात येकली असले तर पानी बी पेत न्हाई."

"कधीपासून?"

"लगीन झाल्यापास्नं."

"कोणाला बोलला नाहीत?"

"काय बोलनार? त्यांनी मला कदी काय केलं न्हाई. नुसतं आपलं... मला वाटायचं, माजंच मन वंगाळ. आनि पोरगी तर ल्हान. लेकीवानी. म्हनलं, तिला काय व्हतंय." मग ती रडली नाही, उठली. शेजारणीला हाक मारून शेरडं बघायला सांगितली, पदर खोचला आणि पायात चपला घालून माझ्या पुढे वाटेला लागली. उतरताना तिच्या मागं राहता राहता माझी पुरेवाट झाली. नणंदेच्या दारात ती हसून म्हणाली, "हिच्या आज्ज्यानं ध्यास घेतलाय, बघायचंय म्हनतोय. चार दीस नेते." पोरगी आतून दप्तर घेऊन बाहेर आली ती इतकी पटकन, की दप्तर आधीपासूनच भरलेलं होतं, हे तिथं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्या बायकांना दिसलं. मामा ओसरीवर पेटी पुसत होते. ते म्हणाले, "न्या की, न्या. घर तिचंच हाय."

पुढे नाचणी काढताना पोरीनं आईला सांगितलं. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे, आणि जिथं सांगायला हवं होतं तिथं तिनं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे, आई शेजारी बसलेली असताना. आम्ही पोचलो ते करायच्या आधी नव्हे, आई. एवढं मात्र तुला कळलं पाहिजे. फार पुढं जाण्याच्या आधी पोचलो, असं लोक मला समजुतीनं सांगतात, आणि मला ही समजूत नकोशी होते. आता खटला चालू आहे. गावाचे दोन तट पडले आहेत आणि मोठा तट मामांच्या बाजूनं आहे. गुरुजींचा निरोप आला की तूर्त बैठका नकोत. मुलीची आत्या भोरच्या एसटी स्टँडवर मला भेटली आणि चार माणसांत म्हणाली, "सोन्यासारखं घर मोडलं. तुमचंच मन काळं." ते शब्द ऐकले आणि मला वडील, सायकल आणि नसरापूरचा रस्ता आठवला. मला तिची दयाही आली आणि तिच्यावरही संशय आला, की त्या शनिवारी ती लेकीकडे गेली ती नेमकी का? त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

मुलगी आता भोरला मुलींच्या वसतिगृहात आहे. बाप तिरसटला होता, पण तिच्या आईनं त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो सहीला आला. वसतिगृह पसंत करायला मात्र तिची आई एकटीच आली. दाराच्या कड्या आतून लावून बघितल्या. स्वयंपाक कोण करतं, राखणदार कोण, तो रात्री कुठं बसतो, न्हाणीघराच्या खिडकीला काच आहे का नुसता पुठ्ठा, सगळं विचारलं. अधीक्षक बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग ती फाटकासमोर दगडावर दिवसभर बसून राहिली, कोण येतं, कोण जातं ते बघत. मी म्हटलं, "आता तरी चला." ती म्हणाली, "थांबा जरा. भाजीवाला याचाय अजून." आई, मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. मी आयुष्यभर जे शिकवत हिंडते ते ती दगडावर बसून करत होती, आणि आता तिला तिचं मन वंगाळ वाटत नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. त्या बाईला कसं कळलं होतं, ते मला आता माहीत आहे. मग तुला कसं कळायचं? पाठमोरी असून तुला हात कसा दिसायचा? काका आपला, 'म्हनूनच', हे तू कुठं शिकली होतीस? भोंगवलीला तुझ्या माहेरी आपण सणासुदीला जायचो, भरल्या घरातून तुझी वहिनी राहा राहा म्हणायची, आणि तू कधी म्हणून मुक्काम केला नाहीस. संध्याकाळची एसटी चुकू नये म्हणून माझा हात धरून धावत सुटायचीस. लोक म्हणायचे, बाई तुसडी आहे, आईबापाच्या घरातसुद्धा रमत नाही. मी साऱ्या तालुक्यावर संशय घेते, पण हा एक संशय मी त्या घराच्या दारापर्यंत नेते आणि तिथून माघारी फिरते.

हे पत्र कुठं पाठवता येणार नाही याचं मला वाईट वाटायला हवं. खरं सांगू? बरं वाटतंय. पाठवलं असतं, तर तू उत्तर दिलं असतंस.